गच्चीवरचे काळे टमाटर

८ फेब्रुवारी. सकाळी सहा.
आजपासून रोजनिशी. ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर लिहिलं, आता स्वतःचं लिहायचं. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.

सिंचाई ऑफिसातून रिटायर होऊन आठवडा झाला. निरोपाच्या कार्यक्रमाला पुण्याहून मुलगा ऋषिकेश, सूनबाई डिंपल आणि आमची नात आली होती. नात सहा महिन्यांची. आम्ही छकुली म्हणतो. तिने माझा चष्मा ओढून तोंडात घातला. मी रागावलो नाही. काच अजून धुरकट दिसते, पण पुसायची घाई नाही.

डिंपलने मला गिफ्ट दिलं. बियांची तीन पाकिटं. हेयरलूम टमाटर. म्हणजे हायब्रीड नव्हे, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेल्या जाती. पाकिटावर काळे, जांभळे, वेडेवाकडे टमाटर. डिंपल म्हणाली, पप्पा, तुमचं मन लागून राहील.

मन न लागायला काय झालं? मी चौकात बसून पेपर वाचणारा रिटायर माणूस नाही. ठरवलं: गच्चीवर बारा कुंड्या. मे महिन्यात सगळ्या सौंसर गावाला काळे टमाटर दाखवायचे. पुढच्या वर्षी स्वतःचं बी. नावही सुचलं आहे, 'सौंसर ब्लॅक'.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
एक लिहायचं राहिलं. निघताना ऋषिकेश म्हणाला, जूनपासून डिंपलचं घरून काम बंद, ऑफिसात जावं लागेल. छकुलीजवळ घरचं माणूस पाहिजे. तुम्ही दोघं पुण्याला या, एक खोली तुमचीच आहे. मी म्हणालो, छे छे, आम्ही इथेच बरे.

आमच्याकडे पहिल्या बोलावण्यात कोणी हो म्हणत नाही. घरातसुद्धा बायको, स्मिता, पोळी घेऊन येते, मी नको म्हणतो. पुन्हा येते, पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा ती न विचारता ताटात टाकते आणि मी खातो. रीत आहे ती. ऋषिकेश विचारेलच पुन्हा. अर्थात तेव्हाही मी नाहीच म्हणणार, कारण मला जायचंच नाही. सौंसरचा माणूस सातव्या मजल्यावर काय करणार?

स्मिता बाजारातून मऊ कापड घेऊन आली. झबली शिवणार म्हणे.

११ फेब्रुवारी.
पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजी आहे. भिंग लावून वाचलं. हिवाळ्यातलं शेवटचं गोठणारं दव पडून गेल्याशिवाय पेरू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. सौंसरला दव गोठलेलं मी पाहिलेलं नाही. पण शेजारच्या भूपेंद्रला विचारलं (लोधीखेड्याच्या रस्त्याला त्याचा संत्र्याचा बगीचा आहे). तो म्हणाला, एका साली बाबाची तूर थंडीनं काळी पडली होती. म्हणजे धोका आहे. थांबायचं.

स्मिता म्हणाली, अहो, आता थांबसान तं टमाटर होतीन कवा? एप्रिलात भाजून निघतीन. तिला पाकीट वाचायला दिलं. चष्मा सापडत नाही म्हणाली.

२७ फेब्रुवारी.
थर्मामीटर आणला. दुपारी ३५. गोठण्याचा धोका टळला असं मानायला हरकत नाही. बी टाकलं.

७ मार्च. सकाळी साडेसहा.
उगवलं! पोह्याच्या कण्यांएवढी पानं. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. डिंपलने लाल बदाम पाठवला, ऋषिकेशने नुसता अंगठा.

कवडू दूध घालायला आला. वाकून पाहिलं आणि म्हणाला, बाबूजी, भेदरं लावले का? मी त्याला हे साधे टमाटर नाहीत, हेयरलूम आहेत, हे समजावून सांगितलं. चांगली दहा मिनिटं. हाव म्हणाला. मग म्हणाला, भेदरं तं बाजारात ढोरं खाऊन राह्यले सध्या. काही लोकांना सांगून उपयोग नसतो. आज दूध पातळ होतं.

२० मार्च.
रोपं कुंड्यांत लावली, बाराही कुंड्या गच्चीवर. एका जास्तीच्या रोपाचं देठ वाकडं होतं, त्याला फेल केलं. फेकवेना म्हणून खाली मोरीजवळ तेलाच्या जुन्या डब्यात टोचून दिलं.

स्मिता म्हणाली, सगळेच तिथं ठेवा, कडूनिंबाची सावली आहे, गच्ची तव्यासारखी तापते. पाकिटावर 'पूर्ण ऊन' लिहिलं आहे, हे मी तिच्या नजरेला आणून दिलं. ती म्हणाली, त्या पाकीटवाल्यानं सौंसरचं ऊन पाह्यलं का? नोंद फक्त माहितीसाठी.

संकल्प: सकाळी सहाला पाणी, सातला निरीक्षण, आठला टिपण. एकही दिवस खाडा नाही.

२४ मार्च.
चार दिवस खाडा. लग्नं होती.

३ एप्रिल.
४१. अकरा वाजता सगळी रोपं माना टाकतात. नवी सिस्टिम बसवली. सकाळी नऊला कुंड्या उतरवून जिन्यात ठेवायच्या, संध्याकाळी पुन्हा वर न्यायच्या. रोज करणार. व्यायामही होतो.

४ एप्रिल.
कंबर.

५ एप्रिल.
कुंड्या वरच राहतील. रोपांना सवय झाली पाहिजे. लाड करून कोणी मोठं होत नाही. फक्त दुपारपुरती स्मिताची एक जुनी साडी वर ताणून बांधली. संध्याकाळी कळलं की ती जुनी नव्हती.

१२ एप्रिल. हनुमान जयंती.
सकाळच्या बसने जामसांवलीच्या मारुतीला. पाय ठेवायला जागा नव्हती. नवस बोललो, पहिला काळा टमाटर मारुतीला. इथला मारुती निवांत आडवा आहे, त्याच्यासमोर घाईचं काही मागताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण मागितलं.

स्मिताने फार वेळ हात जोडले. रांगेतले लोक मागून ढकलत होते तरी हलेना. काय मागितलं विचारलं. देवाले मागितलेलं सांगत नसते, म्हणाली. टमाटरच असणार.

१९ एप्रिल.
फुलं! पिवळी, तोंड खाली केलेली. मोजली नाहीत. अकरा आहेत.

ऋषिकेशला फोन लावला. म्हणालो, झाडं फुलांनी नुसती लदबदली आहेत. तो म्हणाला, अरे वा, पप्पा, आणि जूनचं काय? तिकिटं काढू का? हे दुसरं बोलावणं. मी म्हणालो, बाबा रे, जूनमध्ये पीक ऐन भरात असेल, ते सोडून कसं येणार? तो बरं म्हणाला. स्मिता सुई हातात धरून ऐकत होती. दोरा ओवायचा राहून गेला होता.

फोन ठेवता ठेवता विचारलं, त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? पूर्वेला म्हणाला. पूर्वेचं ऊन कुंड्यांना चांगलं. सहज विचारलं.

२३ एप्रिल.
४३. सगळी फुलं गळाली. देठासकट, हात लावला की पडतात.

यूट्यूबवर एक बाई म्हणते, फुलातून हळूच ब्रश फिरवा म्हणजे फळ धरतं. दाढीचा ब्रश वापरला. फुलंच नसल्यामुळे परिणाम कळला नाही. दाढी करताना मात्र गालाला माती लागली.

२५ एप्रिल.
चैन नाही. गच्चीवर गेलो, खाली आलो, पुन्हा गेलो. थर्मामीटर बघितला. चौकापर्यंत जाऊन आलो. स्मिता म्हणाली, एका जागी बसत काहून नाही तुम्ही? ऑफिसात तं दिवसभर बसत होते. तिला काय सांगणार, तिथे बसायचा पगार होता.

ताक फवारलं. मुंग्या आल्या.

२८ एप्रिल. महत्त्वाचा दिवस.
सकाळी भूपेंद्रच्या बगीच्यात गेलो. त्याने संत्र्याचं पाणी बंद केलं आहे. मृग बहार घ्यायचा आहे, म्हणून झाडांना ताण दिला. ताण म्हणजे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, झाडाला वाटलं पाहिजे की आपलं आता काही खरं नाही. मग पाणी मिळालं की ते अंगभर फुलतं.

मी तिथेच कपाळावर हात मारला. हे तर मला लहानपणापासून माहीत आहे! लोधीखेड्याला बाबा दर वर्षी हेच करायचे. संत्र्याच्या घरचा माणूस मी, आणि दोन महिने परदेशी पाकिटं वाचत बसलो. आमच्या टमाटरांचा आजार एकच, त्यांचे फार लाड झाले. भूपेंद्रला हे सांगितलं नाही. त्याने उद्या नक्कल केली असती.

आजपासून पाणी बंद.

दुपारी आडवा पडलो असताना आणखी एक गोष्ट सुचली. ऋषिकेशला दर रविवारी मीच फोन करतो. त्यामुळे त्याला वाटतं, पप्पा काय, आहेतच. त्यालाही थोडा ताण दिला पाहिजे. फोन करायचा नाही. मग तिसरं बोलावणं कसं फुटून येतं ते बघायचं.

२९ एप्रिल.
स्मिता म्हणाली, अहो, संत्र्याचं झाड केवढं, त्याची मुळं जमिनीत खोल जातात. हे कुंडीतलं रोप कुठून पाणी आणीन? तिच्या माहेरी पांढुर्ण्याला कापडाचं दुकान. शेतीतलं बारीकसारीक तिला कळावं अशी अपेक्षाही नाही.

४ मे.
पानं पिवळी. ताण सुंदर बसतो आहे.

आज रविवार. फोन केला नाही. पुण्याहूनही आला नाही. म्हणजे तिथेही बसत असावा.

९ मे.
४५. निम्मी पानं गळाली. अगदी संत्र्यासारखं. कवडूला मुद्दाम वर नेऊन दाखवलं. बाबूजी, मेले ना हे, म्हणाला. मी सांगितलं, भूपेंद्रच्या बगीच्यात जाऊन बघ, तिथलीही अशीच दिसतात. तो म्हणाला, ते संत्रे होय ना बावा. एवढं बोलून दुधाचा कॅन उचलून गेला. वादात टिकला नाही.

११ मे.
स्मिता आतल्या खोलीत दार लोटून पुण्याशी बोलत होती. मी बाहेर पंख्याखाली बसून राहिलो. फोन मागितला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. छकुलीचा आवाज येत होता. 'बा, बा' करत होती. तिला आबा म्हणायचं असणार. पंख्याचा आवाज फार येतो म्हणून बंद केला, तेवढ्यात फोन संपला.

१५ मे.
माळ्यावरून मोठी बॅग काढून उन्हात ठेवली. बंद बॅगेत झुरळं होतात. हातासरशी स्वेटरही काढला. पुण्याला जूनमध्ये गारवा असतो असं ऐकून आहे. कोणाला जायचं असेल तर माहिती असावी.

पुढचं धोरण ठरवलं. तिसरं बोलावणं आलं की लगेच हो म्हणायचं नाही. आधी 'बघतो' म्हणायचं. मग एखाद्या दिवसाने, स्मिताचा जीव नातीत अडकलाय म्हणून येतो, असं म्हणायचं. कुंड्या भूपेंद्रकडे सोपवायच्या. म्हणजे मान राहतो आणि कोणाचं मनही मोडत नाही.

स्मिताची सहा झबली तयार. आता मोठ्या मापाची घेतली आहेत. मूल वाढते ना, म्हणाली.

२५ मे.
दोन वाजता डिंपलचाच व्हिडिओ कॉल आला! ताणाचा गुण. छकुली रांगायला लागली, फोनवरच चाल करून आली, नुसतं कपाळ दिसत होतं. मग डिंपल म्हणाली, पप्पा, तुमचे टमाटर दाखवा ना, किती दिवस फोटोच नाही टाकला. मी म्हणालो, आता ऊन फार आहे, कॅमेऱ्यात रंग बरोबर येणार नाही. पाचला दाखवतो.

गच्चीवर बाराही कुंड्यांत काड्या आहेत. हे तात्पुरतं आहे, पण शहरातल्या मुलीला ताण फोनवर कसा समजावणार?

बाजारात गेलो. सहा टमाटर घेतले. काळे नव्हते, लाल घेतले. झाडाला मात्र पानं पाहिजेत. हिरवं झाड एकच, मोरीजवळचं फेल झालेलं. त्याला ताण द्यायचा विसरलो होतो आणि भांड्यांचं पाणी तिकडेच जातं. स्मिताच्या शिवणाच्या दोऱ्याने सहाही टमाटर त्याला बांधले. पडू नयेत म्हणून दुहेरी गाठ.

पाचला दाखवले. डिंपल ओरडलीच, वॉव पप्पा! छकुलीने स्क्रीनवर हात आपटला. ऋषिकेश मागून आला आणि बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, पप्पा, खरंच मन लागलं तुमचं तिथे. मी म्हणालो, मग! इथून हलायला वेळ आहे कुठे?

इथे त्याने विचारायला पाहिजे होतं. मी थांबलो होतो. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

स्मिता बाजूलाच भांडी घासत होती. हात पुसून तिने दोऱ्याचं रीळ उचललं आणि आत नेलं.

२९ मे.
भूपेंद्र आला होता. आठवड्याभरात संत्र्याला पाणी सोडणार म्हणाला. ताण तोडाचा टाइम चुकला ना मुकुंदभाऊ, तं झाड वापस येत नाही. मला सांगतो! मी संत्र्याच्या घरचा.

तरी ठरवलं. रविवारी दोन्ही ताण तोडायचे. सकाळी कुंड्यांना पाणी, मग पुण्याला फोन. तिसऱ्या बोलावण्यासाठी अडून बसायचं नाही. मोठ्या माणसाने मोठेपणा दाखवायचा असतो. सरळ म्हणायचं, तुमचा एवढा आग्रह आहे तर येतो बाबा.

स्मिताला आत्ताच सांगायचं नाही. एकदम सांगू. तिचा चेहरा बघायचा आहे मला.

१ जून. सकाळी सात.
पाणी सोडलं. कुंड्यांच्या खालून तसंच निघून गेलं. वरची माती ओलीसुद्धा झाली नाही. वेळ लागेल.

साडेदहा.
फोन केला. बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात ऋषिकेश म्हणाला, पप्पा, तुम्हालाच लावून राहिलो होतो. डिंपलचे आईबाबा छिंदवाड्याहून येत्या मंगळवारी येऊन राहिले, आता वर्षभर इथेच. छकुलीचं काही टेन्शन नाही. त्या पूर्वेच्या खोलीत बेड लावून घेतला त्यांच्यासाठी.

मी म्हणालो, आम्ही आलो असतो.

तो हसला. म्हणाला, तुम्ही दोनदा नाही म्हणालात ना, पप्पा. अन्‌ त्या दिवशी ते टमाटर पाहिले, तेव्हा डिंपलच म्हणाली, पप्पा किती खूश आहेत तिथे, त्यांना ओढून आणायला नको.

मी म्हणालो, बरोबर आहे तिचं.

दोनदाच तर नाही म्हणालो. आमच्याच घरात वाढला, आमच्याच पंगतीत जेवला. दोनदा नाही म्हणजे काय हे त्याला कळायला पाहिजे होतं.

दुपारी.
शांतपणे विचार केला तर मी जिंकलो आहे. सौंसर सोडायचं नव्हतं, सुटलं नाही. सगळं मनासारखं झालं. मला फार वाईट वाटतं आहे, पण ते उन्हाने असेल. ४४ आहे.

स्मिताला सांगितलं. ती म्हणाली, मले डिंपलनं कालच सांगितलं.

बॅग माळ्यावर ठेवायला उचलली तर जड लागली. उघडून बघितलं. आत सगळी झबली घडी घालून ठेवलेली, लहान वर, मोठी खाली, आणि बाजूला तिच्या दोन साड्या. तिने कधी भरली कळलंच नाही. झबली काढून तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, कुरिअरनं पाठवून द्या उद्या, नाही तं लहान होतीन. साड्या तिने स्वतः कपाटात ठेवल्या.

२ जून.
कुरिअर केलं.

कवडू काड्या उपटून बाराही कुंड्या घेऊन गेला. कोथिंबीर लावाले होतीन, म्हणाला. मारुतीच्या नवसाचं काय करायचं ते बघावं लागेल. पाकिटांमध्ये थोडं बी उरलं आहे. पुढच्या वर्षी लवकर पेरायचं का, हे आज ठरवत नाही.

स्वयंपाकाच्या वेळी स्मिता म्हणाली, मोरीजवळचे ते बांधलेले टमाटर सोडून आणा, सडून राह्यले, चटणी करून टाकू. त्या टमाटरांबद्दल ती पहिल्यांदाच बोलली.

गाठी सुटेनात. मीच घट्ट बांधल्या होत्या. कात्रीने कापले. दोन सडले होते, चार सुरकुतले होते, पण चालण्यासारखे. तिने लसूण आणि हिरवी मिरची घालून चटणी केली, भाकरी केली. चटणी चांगली झाली होती. मला आणखी पाहिजे होती.

स्मिता भांडं घेऊन आली. घेता का आणखी, म्हणाली. मी सवयीने नको म्हणालो. तिने भांड्यावर झाकण ठेवलं आणि आत घेऊन गेली.